ओकामुरासाहेबांचा कान

नवसाबाईंनी दारातच नवऱ्याला अडवलं, शर्टाच्या खिशात हात घातला आणि आतली काडेपेटी काढून घेतली.

"अहो, पाहुण्यासमोर कानात काड्या घालायच्या नाहीत आज. जपानचा माणूस आहे. सगळ्या कॉलनीची अब्रू तुमच्या हातात दिलीय."

"मी काय लहान आहे का?" सावळीराम पगारे म्हणाले.

"लहान असता तर कान धरून सांगितलं असतं. ती किल्लीपण ठेवा इथंच."

सावळीराम पाटबंधारे खात्यात कारकून होते. स्वभावाने गरीब, कामाला चोख. वाईट खोड एवढी एकच. काडी, किल्ली, पेन्सिलीचं टोक, वेळप्रसंगी बायकोची केसातली आकडी, काहीही चाले. कानात काही फिरू लागलं की त्यांचे डोळे अर्धे मिटत आणि चेहऱ्यावर अशी तृप्ती पसरे की समोरचा साहेब रागवायचं विसरून जाई.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. नाशिकच्या त्यांच्या कॉलनीत परदेशी पाहुणा पहिल्यांदाच येत होता. ओकामुरासाहेब देशोदेशीची बुद्धलेणी पाहत हिंडत होते. सकाळी त्यांना त्रिरश्मी लेणी दाखवायची आणि संध्याकाळी विहारात सत्कार, असं ठरलं होतं. इंग्रजी येणारे वाल्मीक सर बरोबर जायचे, पण त्यांना नेमका ताप चढला. तेव्हा सावळीराम सभेत उठून म्हणाले होते, "मी नेतो. पाहुण्यांच्या केसालाही धक्का लागू देणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. आता मागे फिरायची सोय नव्हती.

लेणी पाहून झाली. सावळीरामांचं इंग्रजी 'यस', 'नो' आणि 'सॉरी' एवढंच, ओकामुरांचं मराठी 'मी', 'तुम्ही' आणि 'जय भीम' एवढंच. पण दोघांचं छान जमलं. परतीच्या सिटी बसमध्ये सावळीरामांनी दोन तिकिटं काढली आणि दोन्ही आपल्याच खिशात ठेवली. पाहुण्याला तिकीट धरायचीही तोशीस नको.

बस निघाली आणि डोंगरावरचा वारा खाल्लेला त्यांचा डावा कान सुरू झाला. त्यांनी मान हलवली, करंगळी घालून पाहिली. हात सवयीने खिशात गेला. काडेपेटी नाही, किल्ली नाही. होतं ते तिकीट.

त्या काळचं ते तिकीट! कंडक्टर पेटीतून टर्रकन फाडून चिमट्याने भोक पाडून हातात देई. कागद असा की फार मऊ नाही, फार ताठ नाही. उभी घडी घालून पीळ दिला की जणू त्याच कामासाठी छापलेला. आता यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत चिठ्ठीला त्याची सर नाही. निम्मं नाशिक तेव्हा तिकिटानेच कान साफ करत असे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सावळीरामांनी पाहुण्याकडे चोरून पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. पुढची दोन-चार मिनिटं सावळीराम स्वर्गात होते. मग त्यांनी ती सुरळी खिडकीबाहेर टाकली. तेवढ्यात बस थांब्यावर थांबली आणि चेकर चढला.

"दोघांत एकच तिकीट?"

सावळीरामांनी उरलेलं तिकीट ओकामुरांपुढे धरलं. "एक वाऱ्यानं गेलं साहेब. माझं गेलं. हे आहे ते पाहुण्यांचं."

ओकामुरांना शब्द कळले नाहीत, पण प्रसंग कळला. त्यांनी तिकीट घेतलं, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी ते सावळीरामांना परत दिलं. "तुम्ही."

"नो, नो! पाहुणे, तुम्ही!"

"तुम्ही."

"अहो, फाटेल ते!" चेकर ओरडला. "मग दोघांनाही दंड करावा लागेल."

"मी दिलीत साहेब यांना दोन तिकिटं," कंडक्टर म्हणाला.

"दिलीत ना? मग दिसली पाहिजेत."

आता बसमधली माणसं पेटली. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या सुलाबाई उठल्या. "पाव्हन्याला दंड? सोबतं का ते? तिकीट वाऱ्यानं जाऊन जाऊन जानार कुठं? उतरा रे समदे, हुडका!"

"जाऊ द्या हो बाई, मी भरतो ना दंड," सावळीराम काकुळतीला आले.

"तुमी गप ऱ्हावा दादा. पाव्हना आमचाबी हाय!"

अख्खी बस खाली उतरली. ड्रायव्हरने बिडी पेटवली. माणसं रस्त्याच्या कडेचं गवत चाळू लागली. ओकामुराही शेंगांची टरफलं एकेक उचलून खाली पाहत होते. शोधणाऱ्यांत मनातून तिकीट सापडू नये असं वाटणारा माणूस एकच होता.

"घावलं!" सुलाबाईंनी आरोळी ठोकली.

चेकरने सुरळी उलगडली. टोक पिवळं झालं होतं, नंबर पार पुसला होता. त्याने ती झटकन टाकली आणि हात पँटीला पुसला.

"हे कानात कोणी घातलं?"

सावळीरामांचा डावा कान लालबुंद झाला. संध्याकाळचा सत्कार, हार, जमलेली कॉलनी सगळं डोळ्यांपुढे आलं. पाहुण्याशेजारी बसून तिकीट कानात घालून फेकणारा माणूस म्हणून उद्या सारं गाव ओळखणार होतं.

ओकामुरांनी खालच्या सुरळीकडे पाहिलं. मग सावळीरामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे येऊन त्यांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवलं.

"मी."

"तुम्ही?" चेकर चकित झाला.

ओकामुरांनी बोट कानात फिरवलं, मान डावीकडे कलती केली आणि डोळे अर्धे मिटले. हुबेहूब सावळीरामांसारखे. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं!

भर रस्त्यात एकच हशा पिकला. "आगं बया! जपानातबी घालत्यात!" सुलाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पाटीतली मुळ्याची जुडी पाहुण्याच्या हातात कोंबली. तिकीट खराब केल्याबद्दल चेकरने गंभीर चेहऱ्याने पावती फाडली. सावळीराम पैसे काढेपर्यंत ओकामुरांनी दंड भरलाही, आणि पावती पासपोर्टात जपून ठेवली.

सगळे चढले, बस पुन्हा निघाली. सावळीरामांना 'सॉरी' येत होतं, पण सगळी बस कान टवकारून बसलेली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. लाज वाटत होतीच. त्याहून जास्त, शेजारी मुळा घेऊन बसलेल्या त्या परक्या माणसाबद्दल माया दाटून येत होती.

बातमी त्यांच्या आधी कॉलनीत पोचली. वाल्मीक सर तापातच मफलर गुंडाळून भाषणाला उभे राहिले. "पाहुणे किती साधे! आपल्यासारखेच कान कोरतात!" पाहुण्याला सुखरूप आणल्याबद्दल सावळीरामांनाही हार घातला गेला. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या ओकामुरांनी वाजवल्या.

पावसाळ्यानंतर जपानहून सावळीरामांच्या नावे पार्सल आलं. ते विहाराच्या वाचनालयात, सगळ्यांसमक्षच उघडायचं ठरलं. आत कापसात गुंडाळलेली बांबूची नाजूक काडी होती. एका टोकाला शुभ्र मऊ पिसांचा गोंडा, दुसरं टोक चमच्यासारखं किंचित वाकलेलं. चिठ्ठीचपाटी काही नाही.

"लेखणी!" वाल्मीक सर म्हणाले. "जपानी लोक अशाच लेखणीनं लिहितात. सावळीरामभाऊ, ही एकट्यानं ठेवून कसं चालेल? वाचनालयाला द्या."

ते वाकलेलं टोक दिसताच सावळीरामांचा डावा कान खाजू लागला होता. पण सांगणार काय आणि कुणाला? लेखणी काचेच्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, खाली ओकामुरांच्या नावाची पाटी लागली.

दर रविवारी सावळीराम पेपर घेऊन त्या कपाटासमोर बसू लागले. पेपर एकाच पानावर राही आणि हात कानाकडे जाई. एका रविवारी पंचवटीच्या बाजारातून येताना नवसाबाई पिशव्या घेऊन आत डोकावल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, कपाटाजवळ जाऊन काडीचं वाकडं टोक नीट न्याहाळलं, परत नवऱ्याकडे पाहिलं.

"तरी मी त्या दिवशी म्हणतच होते," त्या हळूच म्हणाल्या, "काडेपेटी घरी, किल्ली घरी, अन् हे दिवसभर राहिले कसे?"

मग कमरेची चंची उघडून त्यांनी बसचं तिकीट काढलं, उभी घडी घालून त्याला छान पीळ दिला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. ही तुमची लेखणी."

सावळीरामांनी इकडेतिकडे पाहिलं, काचेमागच्या गोंड्याला मनातल्या मनात जय भीम केला आणि डोळे अर्धे मिटले.