करडें विमान निळें कां जाहलें त्याची हकीकत

श्रीगजानन हातास स्थैर्य देवो आणि रंगास लवकर सुकवो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, गच्चीवरील खोलीच्या राज्यांत जें वर्तलें तें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण सोसायटीचे लोक त्या खोलीवर टपोन आहेत.

त्या राज्यीं दत्तोपंत आठल्ये आणि भास्करराव मोहिते, उभयतां सरदार, प्लास्टिकचीं चिमुकलीं लढाऊ विमानें जोडोन रंगवीत असत. चिमटे, ब्रश, रंगाच्या बाटल्या ऐसी फौज मेजावर उतरलेली, आणि तह ऐसा कीं विमानाचें डावें अंग पंतांनीं रंगवावें, उजवें भास्कररावांनीं, आणि एकानें दुसऱ्याचे अंगास ब्रश लावूं नये. त्या सालीं छंदी मंडळींचा दरबार भरोन उत्तम विमानास ढाल मिळणार होती, म्हणोन करडें विमान आरंभिलें. मग पंत करडा कालवूं बसले, तों रंग पिवळट दिसों लागला, म्हणोन निळा घातला, तरी पिवळट, म्हणोन आणखी घातला, आणि संतोष पावोन आपलें अंग रंगविलें. भास्करराव पाहतात तों निळेंशार! मनीं समजले कीं पंतांचे डोळियांत मोतीबिंदू उतरला. परंतु बोलावें कैसें? मागें नुसतें चष्म्याचें नांव काढिलें तर पंतांनीं अबोला धरिला होता. आणि न बोलावें तर दरबारीं दुरंगी विमान पाहोन लोक हंसतील, आणि पंत ब्रश ठेवितील तो कायमचा. डावें अंग दुरुस्त करावें तर तह आड येतो. मग भास्कररावांनीं पंतांचे वाटींत उरला रंग घेतला आणि आपलें उजवें अंग, जें उत्तम करडें साधलें होतें, तें आपले हातें निळें केलें. जीव तुटला, परंतु केलें.

मग दरबारीं परीक्षक भिंग लावोन पुसते जाहले, "असं निळं विमान कुठल्या हवाई दलात होतं हो?"

भास्करराव म्हणाले, "आमच्या."

ढाल दुसरियांनीं नेली आणि पंत जिन्यांत कडाडले, "परीक्षक म्हणे! करडा ओळखता येईना! आधी डोळे तपासा म्हणावं!"

"तपासायला हवेतच," भास्करराव म्हणाले. "मलाही हल्ली धूसर दिसतं. उद्या दवाखान्यात सोबतीला याल?"

"येईन की. न यायला काय झालं?"

मग डॉक्टरांनीं दोघांचेही डोळे तपासिले, तों सोबतीस गेलेले पंतच मोतीबिंदूसुद्धां दवाखान्यांत सांपडले, आणि शस्त्रक्रिया जाहली, आणि डोळे बरे होतांच पंत गच्चीवर आले आणि विमान हातीं घेऊन दोन्हीं अंगें फिरवोन पाहते जाहले.

"माझी बाजू निळी झाली ती मोतीबिंदूनं," पंत म्हणाले. "पण तुम्हाला तर डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं. मग तुमची कशानं झाली?"

भास्करराव ब्रश पुसत राहिले. पंतांनीं विमान मेजावर ठेविलें. म्हणाले, "ढाल घालवलीत माझ्यापायी. गाढव आहात तुम्ही, भास्करराव."

"आहे तर. बसा. पुढचं विमान उघडायचंय."

मग पंत बसले.

येणेंप्रमाणें ढाल गेली, विमान निळें राहिलें, आणि राज्य दोघांचें दोघांस उरलें. लिहिणारास आतां चष्मा पुसणें आहे, सबब लेखणी ठेविली.