आनंदाचा गृहपाठ

दूध नासलं तेव्हा बायको म्हणाली, "आय ॲम ग्लॅड."

स्टोअरकीपर दाढी करत होता. ब्लेड गालावरच थांबलं. नासलेलं दूध बघून कुणाला बरं वाटल्याचं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

"बरी आहेस ना तू?"

"प्लीज्ड," ती म्हणाली आणि पातेलं घेऊन मोरीकडे गेली.

वेड वगैरे काही लागलं नव्हतं तिला. ती इंग्रजी बोलायच्या क्लासला जाऊ लागली होती आणि या आठवड्याचा धडा होता आनंदाचा. टीचर म्हणजे कडक बाई. घरात येईल त्या बातमीला आनंदाच्या एकेका इंग्रजी शब्दाने उत्तर द्यायचं, एकदा वापरलेला शब्द आठवडाभर पुन्हा काढायचा नाही, आणि नवऱ्याला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, कारण नवरे मुद्दाम फिरकी घेतात. लेकीला तेवढं ठाऊक होतं, कारण उच्चार तीच घोटून घ्यायची. शनिवारी वर्गात उभं राहून सांगायचं होतं, कोणता शब्द कुठे खर्ची पडला. गृहपाठ झाला नाही म्हणून बायको शाळेत कधी बाकावर उभी राहिली नव्हती. या वयात राहायची तिची मुळीच तयारी नव्हती.

आता रोजच्या घरात आनंदाच्या बातम्या येऊन येऊन किती येणार? गॅस संपला, त्यावर 'हॅपी' गेला. शेजारणीने कपडे वाळत घालायची दोरी तोडली, तिथे 'डिलाइटेड' उडाला. गुरुवार उजाडेपर्यंत हलकेफुलके शब्द सगळे संपले आणि नुसते जडजड शब्द उरले.

त्याच गुरुवारी साहेबांनी स्टोअरकीपरला केबिनमध्ये बोलावलं. रंगाच्या कंपनीचं गोडाऊन तो सांभाळायचा. साहेब म्हणाले, "लांबच्या शाखेत इनचार्ज हवाय. दोन वर्षं. जाता का? घरी विचारा आणि आज सांगा."

स्टोअरकीपरला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. पण साहेबांना तोंडावर नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने मनातल्या मनात सोपा हिशेब केला. घरी सांगायचं, बायको कडाडून नाही म्हणेल, आणि आपण पडेल चेहऱ्याने साहेबांना सांगायचं, काय करणार साहेब, घरून परवानगी नाही. मोठ्या आशेने तो दुपारी जेवायला घरी आला.

"अगं, बदली करतायत माझी. इनचार्ज म्हणून. दोन वर्षं एकट्यानेच राहायचंय तिकडे."

बायकोला तो कुठेही जायला नको होता. पण तिला वाटलं, इतकी वर्षं बिचाऱ्याने डबे मोजण्यात घालवली, आता कुठे मोठा होतोय, आपण कशाला आडवं यायचं? त्यात तो मेला गृहपाठ. तिने उरलेल्यातला हाताला लागला तो शब्द उचलला.

"थ्रिल्ड."

"नीट ऐकलंस ना? दोन वर्षं म्हणालो मी."

"ओव्हरजॉइड."

"महिन्यातून एकदा यायला मिळालं तर मिळालं."

"आय ॲम ओव्हर द मून," ती म्हणाली. आवाज जरा कापला, पण तो त्याला कुठला कळायला.

"मी निघालो परगावी आणि ही निघाली चंद्राच्याही वर," असं पुटपुटत तो अर्ध्या ताटावरून उठला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. नासलेल्या दुधाला नुसतं ग्लॅड, आणि आपण जाणार म्हटल्यावर एवढं? म्हणजे या घरात आपल्यापेक्षा त्या दुधाची किंमत जास्त. तिरीमिरीतच तो केबिनमध्ये शिरला.

"जातो साहेब. घरचे ओव्हरजॉइड आहेत."

"नशीबवान आहात," साहेब म्हणाले. "मी दोन दिवस टूरवर जातो म्हटलं तरी आमच्याकडे भांडी आपटतात."

स्टोअरकीपरला साहेबांचा हेवा वाटला. भांडी आपटतात. केवढा तो जिव्हाळा.

"उद्या सकाळी वर कळवून टाकतो," साहेब म्हणाले.

संध्याकाळी तो सामान भरायला दोन रिकामी खोकी घेऊनच घरी आला. "होकार दिला," त्याने दारातूनच सांगितलं. बायकोने खोक्यांकडे पाहिलं, "एक्स्टॅटिक," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ सुरू झाला तो बंदच होईना.

लेक कॉलेजातून आली आणि पाणी प्यायला थेट आत गेली.

"आई, रडतेयस?"

"कांदा चिरतेय."

"कांदा कुठाय?"

आईने नळ आणखी मोठा सोडला. लेक बाहेर आली, खोकी बघितली, बापाचं फुगलेलं तोंड बघितलं, आणि विचारून विचारून सगळं काढून घेतलं. मग तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, होमवर्क आहे तो तिचा. काहीही सांगितलं तरी ती आनंदच दाखवणार. काल माझा गणिताचा पेपर अवघड गेला, तर 'जॉयफुल' म्हणाली मला."

स्टोअरकीपर मटकन खाली बसला. सकाळी साहेब वर कळवायच्या आत त्यांना गाठायला हवं होतं. त्याने फोन लावला.

"साहेब, मी नाही जात."

"का हो? घरच्यांचं मन बदललं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून खरंच निघालं. "नाही साहेब. मलाच नाही जायचं. करमणार नाही मला."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "सुटलो बुवा. तुमच्या जागी कोणाला बसवू, याचाच घोर लागला होता दुपारपासून."

"मग थांबवलं का नाहीत मला?"

"तुमचे घरचे ओव्हरजॉइड म्हणालात ना. त्यांच्या आनंदावर कशाला विरजण घालू?"

स्टोअरकीपर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "नाही जात मी. सांगून टाकलं साहेबांना."

बायकोने तोंड उघडलं. इंग्रजी शब्द एकही उरला नव्हता. आठवडाभराचे शब्द दुधावर, गॅसवर, दोरीवर आणि बदलीवर उधळून झाले होते. तिने पदराने डोळे पुसले, नळ बंद केला.

"बरं झालं," ती म्हणाली.

तो जरा घुटमळला. "बरं झालं म्हणजे? ग्लॅड, का ओव्हरजॉइड?"

"म्हणजे बरं झालं. हात धुवा, दुपारपासून उपाशी आहात."