बिनप्लास्टिकचा रविवार

शुक्रवारी संध्याकाळी भूपेंद्र स्वयंपाकघरात हातात केळं घेऊन उभा होता, आणि ते खावं की नाही हे काही केल्या त्याला कळत नव्हतं.

भूक तर लागली होती. केळंही चांगलं पिकलेलं होतं. पण हे केळं ट्रकात बसून चार-पाच जिल्हे ओलांडून मोहाडीला आलं होतं, आणि त्या ट्रकाच्या धुराचं पाप ट्रकवाल्याला लागतं की केळं खाणाऱ्याला, इथे भूपेंद्रचं घोडं अडलं होतं.

"अजी, खाऊन राहिले का त्याची आरती करून राहिले?" पोळ्या लाटता लाटता त्याच्या बायकोने, करुणाने विचारलं.

"विचार करून राहिलो."

"तुमच्या विचारानं काळं पडलं ते. ठेवा खाली, गाईले देते."

आठ दिवसांपूर्वी हा माणूस असा नव्हता हो! मोहाडीत हातमागाच्या पातळांचं दुकान, बसून बसून सुटलेलं पोट आणि डॉक्टरांनी दटावल्यामुळे धरलेली सायकल, एवढंच त्याचं चरित्र. गावातल्या अकरा जणांचं सायकल मंडळ दर रविवारी पहाटे निघून तुमसरमार्गे आंबागडच्या किल्ल्यापर्यंत जात असे. वाटेत दर चार किलोमीटरवर भूपेंद्र आंब्याच्या चवीची एक वडी तोंडात टाकी आणि तिचा पिवळा चकचकीत कागद वाऱ्यावर सोडून देई. बाकीचेही तेच करत. कोणाचा कागद लाल, कोणाचा हिरवा, फरक एवढाच.

मग एका रविवारी किल्ल्याखाली चहाची टपरी चालवणाऱ्या मंदाबाईंनी त्यांच्यापुढे एक भरलेलं पोतं आणून ठेवलं.

"भाऊ, तुमच्या लोकायचं सामान रस्त्यावर राहून गेलं होतं."

पोत्यात सगळे कागद होते, आणि निम्मे पिवळे होते. दहा जणांनी भूपेंद्रकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पोतं घेऊन जातो म्हणाला, तर मंदाबाई म्हणाल्या, "राहू द्या जी, माह्या कामी येते." कोणत्या कामी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तेव्हा भूपेंद्र ताडकन उठला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी अकराही जणायचं खाणं माह्याकडं. प्लास्टिकचा एक तुकडा जरी माह्याजवळ दिसला, तं मंडळ सोडून देईन!"

मंडळाचे चिटणीस संजीव सर गणिताचे मास्तर. त्यांनी ते वाक्य भूपेंद्रकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

तेव्हापासून घराला सुख नव्हतं. फळीवरचे तेवीस प्लास्टिकचे डबे भंगारवाल्याकडे गेले. माळ्यावरून करुणाच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे उतरले, एकाच दुकानातून घेतलेले, एकाच मापाचे. त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायलाही भूपेंद्रने मनाई केली, कारण चिकटपट्टीही प्लास्टिकचीच.

"मंग मीठ कोणतं आणि साखर कोणती, कसं समजन?" करुणा म्हणाली.

"उघडून पाहायचं."

"आणि आईले कसं समजन? त्यायले तं उघडूनही दिसत नाही."

आई म्हणजे कौशल्याबाई, भूपेंद्रची माय. वय बहात्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तरीही ओसरीतला हातमाग थांबलेला नव्हता. "डोयाले नाही दिसत तं का झालं, हाताले दिसते," असं त्या म्हणत. गुरुवारी नागपूरला त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. महिनाभर वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्यानं पाऊस लागणार, आणि पावसाळी हवेत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, ताठपणासाठी दिलेली खळ वाळत नाही. म्हणून या रविवारी गल्लीत ताणा ताणून त्याला खळ द्यायची, बुधवारपर्यंत तो मागावर चढवायचा आणि महिन्यानं विणायला बसायचं, असा त्यांचा बेत होता. नात, म्हणजे भूपेंद्रची लेक दामिनी, जुलैत पहिल्या नोकरीवर रुजू होणार होती, आणि त्या दिवशी तिनं आजीच्या हातचं पातळ नेसायचं, असा शब्द म्हातारीनं देऊन ठेवला होता. हा रविवार चुकला की ते पातळ होणार नव्हतं.

थोडक्यात, एका घरात दोन शब्द दिलेले होते आणि दोन्ही एकाच रविवारी पाळायचे होते.

खाण्याचं उत्तर करुणानेच काढलं. "सातू करून देते. गहू-चणे घरचे, गूळ घरचा. पाण्यात कालवा आणि प्या." शनिवारी तिने डबाभर सातू दळून, त्यात गूळ कुस्करून ओट्यावर ठेवला. शेजारीच कौशल्याबाईंच्या खळीचा डबा होता. तांदळाचं पीठ आणि धावड्याच्या झाडाचा कुटलेला डिंक. पूर्वी ते लाल प्लास्टिकच्या डब्यात असे आणि म्हातारी तो लाल रंग अंधुकसा का होईना ओळखत असे. आता तोही स्टीलमध्ये गेला होता. स्वतः भूपेंद्रनेच भरला होता.

रविवारी पहाटे साडेचारला, वीज वाचवायची म्हणून दिवा न लावता, भूपेंद्रने ओट्यावरचा डबा उचलला आणि सायकलला बांधला.

तुमसरच्या पुढे आंब्याच्या झाडाखाली मंडळ थांबलं. भूपेंद्रने डबा उघडला आणि चमकला. सातू पांढराफेक! पण मग त्याने विचार केला, आपल्या धानाच्या झाडीपट्टीत कशातही तांदूळ निघू शकतो, करुणाने तांदळाचा केला असेल. पाणी घालून, ढवळून, पळसाच्या द्रोणांत अकराही जणांना दिला. स्वतः घोट घेतला. गोडाचा पत्ता नाही. हेही त्याला पटलं. मागच्या आठवड्यात आपणच साखर कारखान्यांच्या मळीवर अर्धा तास बोललो होतो, तेव्हा बायकोने गोडच बंद केलं असणार.

"कसं आहे सर?" त्याने भीतभीत विचारलं.

संजीव सरांनी ओठ एकमेकांपासून सोडवले. "नैसर्गिक आहे," ते म्हणाले.

त्यावर बाकीच्या नऊ जणांची काय बिशाद! नैसर्गिक वस्तूला नावं ठेवून मागासलेलं कोण ठरणार? सगळ्यांनी दोन-दोन द्रोण रिचवले आणि गंमत म्हणजे आंबागडपर्यंत एकालाही भूक लागली नाही. बोलणं मात्र कमी झालं होतं, कारण तोंड उघडायला कष्ट पडत होते. ऊन चढलं तशा संजीव सरांच्या मिशा वाळल्या आणि दोन्ही बाजूंना ताठ उभ्या राहिल्या.

किल्ल्याखाली मंदाबाईंच्या टपरीवर पोचतात न पोचतात तोच करुणाचा फोन आला.

"अजी, मुंग्या!"

"कोणाच्या मुंग्या?"

"कोणाच्या का कोणाच्या! साऱ्या गल्लीच्या! आईच्या ताण्यावर! या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला तो. शेजारच्या रंभाबाईची बकरी आली तं ताणा चाटून राहिली, हाकलली तं परत येऊन राहिली. अजी, आईनं खळ म्हणून सातू शिजवून लावला ताण्याले!"

भूपेंद्रच्या पोटात सकाळपासून एक गोळा बसला होता. तो कशाचा, हे आता समजलं.

"मायले वास नाही आला?"

"आला ना! म्हणे, आज खळीले गुयाचा गोड वास काहून येते? मंग म्हणे, भूपेननं घरातलं सारंच बदलवलं, खळही पर्यावरणाची आणली असंल. तुमच्या भेवानं कोणी विचारतही नाही जी आता!" एवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला, "विचार त्याले, मुंग्याची पावडर टाकू का? का तेही नाही चालत? डबी प्लास्टिकची आहे म्हणा!"

मुंग्या मारल्या तर निसर्गाचं काय, नाही मारल्या तर दामिनीच्या पातळाचं काय, आणि डबी तर सरळसरळ प्लास्टिकचीच! भूपेंद्रचं डोकं केळ्याच्या वेळी झालं होतं त्याच्या दसपट गरगरलं.

"ताणा धुऊन काढा," शेवटी तो म्हणाला. "दुपारच्या उन्हात वाळन. संध्याकायी खळ लावू."

"कशाची लावता? खळ तं तुमी घेऊन गेले!"

भूपेंद्रने मंडळाकडे पाहिलं. खळ अकरा पोटांत होती.

"तांदूय आहे घरी," करुणा म्हणाली. "पण डिंक नाही. आणि आई म्हणते, किराण्यातला डिंक सुतावर बसत नाही, धावड्याचाच पाहिजे. अजी, रडून राहिल्या त्या. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाले, मी त्यायले कधी रडताना नव्हतं पाहिलं."

फोन ठेवला तेव्हा मंदाबाई डब्याच्या तळाशी उरलेल्यात बोट बुडवून दोन बोटांत चिकटपणा पाहत होत्या. "हे तं कोष्ट्यायची खळ होय ना जी! माह्याच हातचा डिंक आहे याच्यात, त्यायले मीच तं विकते. तुमी पिता का हे?"

दहा जणांनी पुन्हा भूपेंद्रकडे पाहिलं. त्याने सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. संजीव सरांनी ताठ मिशीवरून हात फिरवायचा प्रयत्न केला, तो फिरला नाही.

"पण सर, प्लास्टिक तं नव्हतं ना?" भूपेंद्र कळवळून म्हणाला.

"नव्हतं," सर म्हणाले. "हे मान्य करावं लागते."

मंदाबाईंकडे धावड्याचा डिंक होता, ताजा, पायलीभर. त्यांनी तो आत जाऊन बांधून आणला आणि भूपेंद्रच्या हातात दिला. भूपेंद्रने तो घेतला आणि लगेच हात अंगापासून लांब धरला. लाल, हिरव्या आणि मुख्य म्हणजे पिवळ्या पट्ट्यांची, उन्हात लखलखणारी पिशवी! मंदाबाईंनी मंडळाने फेकलेल्या त्याच कागदांच्या पट्ट्या कापून, चटईसारखी विणून पिशव्या केल्या होत्या.

"बाई, दुसरं काही नाही का? पानं?"

"पानाले डिंक चिकटून बसन. मंग पानासकट खळ लावता का? न्या जी. तुमचंच तं आहे."

संजीव सर पुढे आले. "भूपेंद्रजी, प्लास्टिक."

"दिसते मले," भूपेंद्र म्हणाला. आठ दिवस तो केळ्यावर, डब्यावर, दिव्यावर विचार करत होता. आता त्याला विचार करायला वेळ नव्हता. "मंडळ सोडलं मी सर. ग्रुपवर टाका." पिशवी त्याने हँडलला अडकवली आणि भर उन्हात सायकल हाणली.

आंबागड ते मोहाडी त्याने कुठेही पाय टेकवला नाही. खळीचा गुण म्हणा की मायच्या रडण्याचा, वाटेत भूक लागली नाही. घरी पोचला तेव्हा धुतलेला ताणा गल्लीत वाळत होता, रंभाबाईंची बकरी खुंट्याला होती, आणि कौशल्याबाई ओसरीत मागाजवळ बसल्या होत्या.

"माय, डिंक आणला. धावड्याचा."

म्हातारीनं पिशवी हातात घेतली. डिंक बाजूला राहिला, आणि त्यांची बोटं पिशवीवरून फिरू लागली. आडवी, उभी, मग काठावर. दुकानात पातळ पाहावं तशी त्यांनी ती उलटून पाहिली, डोळ्यांजवळ नेली.

"कोणं विणली?"

"आंबागडची एक बाई. माय, ते आमी फेकलेल्या कागदायची..."

"वीण ढिल्ली आहे. पण रंग पाह्य भूपेन! हा पिवया तं मलेही दिसते!" बऱ्याच दिवसांनी म्हातारी हसली. "काठाले असाच रंग पाहिजे."

संध्याकाळी नवी खळ लागली. रात्री जेवणाआधी ताणा ताठ होऊन घरात आला आणि बुधवारी मागावर चढला. दोन शब्दांतला एक तरी पाळला गेला, म्हणून भूपेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकला. मंडळ गेलं तर गेलं. रविवारी सकाळी अंथरुणात पडून केळं खावं, असं त्याने मनाशी ठरवलंही.

पण शनिवारी, डोळ्याला पट्टी बांधलेल्या कौशल्याबाईंनी त्याला जवळ बोलावलं. डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं, बसल्या बसल्या हात चालवायला नव्हे. त्यांच्या मांडीवर एक विणकाम होतं, लाल-हिरवं, घट्ट विणीचं, आणि पिवळा काठ अर्धाच झालेला. मंदाबाईंची पिशवी उसवून त्या ती नव्यानं विणत होत्या.

"दामिनीले डबा न्यायले होते," म्हातारी म्हणाली. "सारी झाली, काठ राहिला. उद्या सायकलीनं चालला ना तू?"

"मंडळ सोडलं ना माय मी."

"मंग परत धर. आणि ते तुही आंब्याची वडी खात जा वाटेनं, बापू. चार-चार खा. काठाले पिवया कागद कमी पडून राहिला."