अण्णांचं शेवाळ

अण्णांकडे रिक्षानं जायचं असेल, तर फणसाखाली इंजिन बंद करायचं आणि तिथून रिक्षा ढकलत न्यायची. पाहुणा असला तरी सूट नाही. मुंबईहून आलेल्या जावयानंसुद्धा ढकलली आहे, तीही कडक इस्त्रीच्या कपड्यांत.

कारण अंगणात विहीर आहे आणि विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळ आहे. आता आमच्या कट्टा गावात शेवाळ कुठे नसतं? पण अण्णांचं शेवाळ मुंबईला जातं! त्यांची मुलगी पल्लवी तिथे कॉलेजात शिकवते आणि शहराच्या हवेत शिसं, कॅडमियम असले जड धातू किती आहेत ते शोधते. हवेत जे असेल ते शेवाळात साठतं. म्हणून स्वच्छ जागचं शेवाळ जाळीच्या पिशव्यांत भरून ती नाक्यानाक्यावर टांगते, काही आठवड्यांनी उतरवते आणि तपासते.

हे कळल्यापासून अण्णांना चेव चढला आहे. खारेपाटण ते रेडी जन्मभर ट्रक पळवून वाटेवरच्या माणसांना धुरानं न्हाऊ घातलेला हा गृहस्थ आता माझ्या चुलीकडे संशयानं बघतो. मी पाचोळ्याला काडी लावली रे लावली, की कुंपणापलीकडून गर्जना येते, “अरे, माझा शेवाळ खोकता मरे!”

पिशव्या ते स्वतः शिवतात. पार्सल निघण्याआधी विहिरीपाशी गाऱ्हाणं घालतात आणि “व्हय म्हाराजा” म्हणायला मला उभं करतात. शेवाळासाठी देवाला साकडं घालणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

गेल्या खेपेला त्यांनी एक पिशवी खास पल्लवीच्या खिडकीसाठी शिवली. नात ओवी, तिला सारखी धाप लागते. तपासणी झाली आणि पल्लवीचा फोन आला. नाक्यांवरच्या पिशव्या नेहमीसारख्याच होत्या, पण तिच्या खिडकीतल्या पिशवीत शिसंच शिसं! पोरगी हादरली होती. “बाबानू, मी नोकरी सोडतंय. ओवीक घेवन गावाक येतंय, कायमची.”

अण्णा धावत माझ्याकडे आले. “चेडू येता हा रे! नात येता हा!” वहिनी गेल्यापासून त्यांना असं आनंदलेलं मी पाहिलंच नव्हतं. माजघराची खोली झाडली, मच्छरदाणी आणली, बाजारात आणि एसटी स्टॉपवर दवंडी पिटून झाली. मलाही पेढा मिळाला.

संध्याकाळी पुन्हा फोन. अण्णा फोन नेहमी स्पीकरवरच घेतात, त्यामुळे सगळी वाडी बोलण्यात सामील असते. उत्साहाच्या भरात त्यांनी विचारलं, “गो, ह्या शिसा येता तरी खंयसून?”

“जुन्या रंगातसून, बॅटरेतसून. तोच शोध लागना नाय. कधी कधी शेंदरात पण आसता.”

अण्णांनी झाडून ठेवलेल्या खोलीकडे एकदा बघितलं. गप्प राहिले असते तर लेक आणि नात कायमच्या घरी आल्या असत्या. ते मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

“बाय, नोकरी सोडू नको,” ते म्हणाले. “मारुतीच्या पायाकडचो शेंदूर मीच घातलंय त्या पिशवेत. चिमूटभर. ओवीची धाप जावची म्हणान.”

मग त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला.

“आणि गो, लेकीच्या खिडकेत इख आसा म्हणान मी पेढे वाटलंय. असो बापूस आसता खंय?”

पल्लवी हसत होती की रडत होती, मला कळेना. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. “बाबानू, दुसरी पिशवी धाडा. बिनशेंदराची.”

“आणि मारुतीक काय सांगू?”

“सांगा, शाळेक सुट्टी पडली काय ओवी येता. चांगली म्हयनाभर रवतली.”