भोगीची चमकी

भोगीच्या दिवशी सकाळी साडेअकराला निंगव्वा नाकावर हात धरून चिमणघराच्या फाटकातून आत आली, तेव्हा रेवणसिद्ध काकांना वाटलं, तिला सर्दी झाली आहे.

"आत येऊ नकोस. पोरांना लागंल," ते म्हणाले.

निंगव्वानं हात खाली घेतला. डाव्या नाकपुडीवर चाळीस वर्षं चमकणारा पांढरा खडा जागेवर नव्हता. नुसतं भोक होतं.

"अण्णा, माझी चमकी भाकरीत गेली."

चिमणघर ही सोलापुरातल्या एका गल्लीतली चाळीस विशेष मुलांची शाळा. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणी आपल्याच जगात असतं. शाळा चालते ती आजूबाजूच्या वस्तीवर. कुणी जुनी खुर्ची देतं, कुणी टॉवेलचं कापड, आणि दर गुरुवारी घराघरातून भाकऱ्या येतात. आज गुरुवार नव्हता, पण भोगी होती. त्यामुळे तीस घरांतून तीळ लावलेल्या बाजरीच्या एकशे चाळीस भाकऱ्या आल्या होत्या.

या भाकऱ्यांसाठी काकांनी एक नियम केला होता. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून शाळेचं स्वयंपाकघर तेच बघायचे, आणि नियम त्यांनी भिंतीवर रंगवून घेतला होता : 'इथे आल्यावर भाकरी कुणाचीच नसते.' डबा आला की भाकऱ्या मोठ्या टोपलीत ओतायच्या, वरखाली करायच्या. श्रीमंताची वर, गरिबाची खाली, असं व्हायला नको. काकांना या नियमाचा फार अभिमान होता. आज सकाळीही त्यांनी टोपली स्वतः दोनदा कालवली होती.

"कुठल्या भाकरीत?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.

"ते ठावं असतं तर धावत आले असते व्हय? पहाटं अंधारात पीठ मळलं. आता आरशात बघते, तर नाक मोकळं."

"केवढी हाय?"

"तिळाएवढी."

काकांनी टोपलीकडे पाहिलं. प्रत्येक भाकरीवर शे-दोनशे तीळ होते. वेळही नव्हता. बाराला पंगत बसायची. चमकीचा दांडा टोकदार. एखाद्या मुलाच्या घशात गेला तर? यातल्या निम्म्या मुलांना 'टोचतंय' एवढंही सांगता येत नव्हतं.

त्यांनी मुख्याध्यापिका दानेश्वरी मॅडमना बोलावलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पंगत थांबवा. खिचडी टाकू."

"खिचडी?" मागून आवाज आला. टॉवेलच्या कारखान्याच्या मालकीणबाई धनलक्ष्मी वहिनी दोन पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. हातात फोन तयार होता. "मॅडम, भोगीला खिचडी? पाहुणे मुद्दाम पंगत बघायला आलेत. मी चारला उठून सहा भाकऱ्या थापल्या. माझ्या हातच्या सहा तरी बाजूला काढा की. त्यात दुसऱ्याची चमकी कशी जाईल?"

निंगव्वानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागली.

"कुठल्या काढू वहिनी? ढिगात सगळ्या एक झाल्या की," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या नियमाचा राग आला.

मग शोध सुरू झाला. सगळ्या भाकऱ्या पटांगणात सतरंजीवर पसरल्या. मॅडमनी एकेक उन्हात धरून पाहिली. बाजरीच्या भाकरीतून काही ऊन पलीकडे जात नाही. एका पाहुण्यानं सुचवलं, सगळ्या कुस्करा. दोन कुस्करल्या, तर तिळाचा असा पसारा झाला, की त्यात चमकीच काय, पैंजणही सापडलं नसतं. मग काका शेजारच्या भंगारवाल्याकडून लोहचुंबक घेऊन आले आणि भाकऱ्यांवरून फिरवू लागले. चुंबकानं पहिल्या झटक्यात मॅडमच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओढला.

"अण्णा, सोन्याची हाय ती. खिळा न्हाय," निंगव्वा म्हणाली.

एव्हाना डबे परत न्यायला आलेल्या बायका फाटकात जमल्या होत्या. शोध कसला चाललाय ते कळेना, म्हणून जिला तिला वाटू लागलं, की आपल्याच भाकरीत काहीतरी निघालं. "माझं पीठ चाळलेलं होतं बरं का," एक आधीच सांगून मोकळी झाली. "खडा निघाला म्हणतात," दुसरी म्हणाली. "दळणाचा दोष. माझा न्हाय." नूरबी त्यांच्यात पुढे होती. तिची नात समरा याच शाळेत. "अगं पण पोरं भुकी आहेत की! जो कुछ निकला, निकला. वाढा ना!"

बारा वाजले. घंटा झाली. आत मल्लेश ताट बडवू लागला. मल्लेशला बारा म्हणजे बाराच लागायचे. एक ताट वाजलं की पाच वाजतात, आणि पाच वाजले की चाळीस.

त्या गोंधळात समरा बाहेर आली.

समरा अकरा वर्षांची. बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. दर गुरुवारी ती टोपलीशी यायची, भाकऱ्या एकेक चाचपायची, बाजूला सारायची आणि तळातून एखादीच काढून घ्यायची. मॅडमना हा हट्ट वाटे. समराच्या वहीत त्यांनी दोन वर्षांपासून एक ध्येय लिहिलं होतं : 'समोर येईल ती भाकरी घेणे.' दोन वर्षांत त्यात तसूभर प्रगती नव्हती.

आजही समरा सतरंजीवर बसली. अंगठा भाकरीच्या काठावरून फिरवला. ठेवली. दुसरी. ठेवली. नवव्या भाकरीला ती थांबली, ती छातीशी धरली आणि तोंडाकडे नेऊ लागली.

"समरा, नको!" मॅडम धावल्या.

निंगव्वा मात्र जागच्या जागी म्हणाली, "मॅडम, ती माझी हाय."

"कशावरून?"

निंगव्वानं उजवा हात पुढे केला. मधलं बोट कापडाच्या मागात सापडून तरुणपणीच वाकडं झालेलं. "हे बोट नीट टेकत न्हाय. काठाला खळगी पडती. तिथंच तिचा अंगठा हाय बघा."

मॅडमनी पाहिलं. खळगी डोळ्याला जेमतेम दिसत होती. समराचा अंगठा तिच्यात बरोबर बसला होता.

मॅडम हळूच समराशेजारी बसल्या. खळगीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अशी अजून?"

समरानं वर पाहिलं नाही. मग तिनं ती भाकरी समोर ठेवली आणि पुढची उचलली. ही ठेवली दुसरीकडे. पुढची तिसरीकडे. पुढची पहिलीवर.

"खेळतीय," एक पाहुणा म्हणाला.

"गप्प बसा," काका म्हणाले. पाहुण्याला असं बोलायची त्यांची रीत नव्हती.

अंगठा काठावरून जायचा, भाकरी एकदा वळायची, नाकाशी यायची आणि तिच्या जागी जायची. घाई नाही, चूक नाही, परत उचलणं नाही. सतरंजीवर हळूहळू चवडी उभ्या राहू लागल्या. पाच झाल्या, बारा झाल्या, वीस झाल्या. फाटकातल्या बायका केव्हा आत आल्या आणि केव्हा गप्प झाल्या, ते कुणाला कळलं नाही. आत ताटंही थांबली होती. मल्लेश दारात उभा राहून बघत होता, आणि सव्वाबारा वाजून गेलेले त्यानं चालवून घेतले होते.

मग एकीनं दबक्या आवाजात म्हटलं, "अगं बाई, ही माझी चवड. जाड थापते मी." दुसरी म्हणाली, "ही माझी. तवा बारका हाय माझा." कुणी मोठ्यानं बोलेना. देवळात बोलावं तशा त्या बोलत होत्या. तीस घरांचे हात त्या मुलीनं दोन वर्षांपासून अंगठ्यात जपून ठेवले होते, आणि सगळे तिला समोर येईल ती भाकरी खायला शिकवत होते.

शेवटची चवड समरानं उचलून नूरबीपुढे नेऊन ठेवली. नूरबीनं आपल्या हाताकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि लगेच वटारले गेले.

"म्हणजे माझी कुठली ते तुला माहीत होतं! तरी दोन वर्षं बाजूला सारून हिची खातीस? हाय अल्ला, घरात मी काय दगड थापते काय गं?"

समरा परत निंगव्वाच्या भाकऱ्यांपाशी जाऊन बसली. सगळे हसले. निंगव्वा मात्र हसली नाही.

कारण तिच्या चवडीत अकरा भाकऱ्या होत्या.

"निंगव्वा, तू तर पाच दिल्या," काका म्हणाले.

बायकांनी आपापल्या चवडी पाहिल्या. तीस घरं, कुस्करलेल्या दोन सोडल्या तरी प्रत्येकीची एक चवड होती. फक्त धनलक्ष्मी वहिनींपुढे नव्हती. अकरातून पाच गेल्या की किती उरतात, हा हिशेब शाळेतल्या निम्म्या मुलांनाही येत होता.

वहिनींनी फोन हळूच पर्समध्ये ठेवला.

"मोजायला चुकली असंल मी," निंगव्वा म्हणाली. "माझं वय झालं."

काकांनी घसा खाकरला. "हे बघा, भिंतीवर काय लिवलंय? इथं आल्यावर भाकरी कुणाचीच नसते. तोडा त्या अकरा."

आता अकराच तोडायच्या होत्या. चौथीच्या काठाजवळ, दोन तिळांच्या मध्ये, चमकी निघाली. निंगव्वानं ती पदराला पुसून नाकात घातली, समराचा अंगठा हातात घेतला आणि कपाळाला लावला. समरानं तो सोडवून घेतला, कारण तिला भूक लागली होती. पंगत साडेबाराला बसली.

त्या दुपारी मॅडमनी वहीतलं ध्येय खोडलं. त्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही. ती ओळ अजून कोरी आहे.

पुढच्या गुरुवारी धनलक्ष्मी वहिनी पायी आल्या. सोबत पाहुणे नव्हते. डब्यात दोन भाकऱ्या होत्या. एक करपलेली, दुसरीला तीन कोपरे. वहिनींच्या बोटाला पट्टी होती. आता भाकऱ्या टोपलीत ओतत नव्हते; समरा लावेल तशा लागत.

तिनं तीन कोपऱ्यांची भाकरी हातात घेतली. अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. वास घेतला. सगळ्या चवडींवरून नजर फिरवली आणि भाकरी मांडीवर ठेवून बसून राहिली. असं कधी झालं नव्हतं.

"खराब झालीय का?" वहिनींचा आवाज बारीक झाला होता. "राहू दे. घरी नेते मी."

समरा उठली. सतरंजीच्या टोकाला, जिथे काहीच नव्हतं, तिथे तिनं ती भाकरी एकटीच ठेवली. मग परत येऊन करपलेली उचलली आणि तिच्यावर नीट बसवली.

"तुमची जागा केली तिनं," दानेश्वरी मॅडम म्हणाल्या.

वहिनी त्या दोन भाकऱ्यांच्या चवडीशेजारी जमिनीवरच बसल्या. फोन पर्समध्येच राहिला. थोड्या वेळानं निंगव्वा त्यांच्या कानाशी वाकली. नाकात चमकी लखलखत होती.

"पीठ ऊन ऊन पाण्यात मळा की वहिनी," ती कुजबुजली. "आणि मळताना नाकाकडं लक्ष असू द्या."