मोकळी लाइन

सुनेला घरात ब्रॉडबँड हवं होतं आणि सासऱ्यांना फोन मोकळा हवा होता. वाद एवढाच होता, पण तो तीन आठवडे पुरला.

सून एका इस्पितळाचे अहवाल घरबसल्या टाइप करायची. मोबाइलचं नेट फक्त जिन्याच्या चौथ्या पायरीवर यायचं, म्हणून ती दिवसभर तिथेच बसायची आणि शेजारीपाजारी तिला ओलांडून जायचे. घरातल्या जुन्या फोनच्याच तारेवरून नेट मिळेल, असं टेलिफोन कंपनीनं कळवलं होतं. सासरे मात्र ऐकेनात.

कारण त्यांचे थोरले भाऊ. पाच वर्षांपूर्वी थोरल्यांनी वडिलांचं शिवणयंत्र कुणालाही न विचारता भंगारात दिलं. त्यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणंच तुटलं. चूक थोरल्यांची, तेव्हा फोन थोरल्यांनीच करायचा, असा सासऱ्यांचा न्याय होता. आणि ते करतील तेव्हा लाइन गुंतलेली सापडायला नको, म्हणून घरात रिसीव्हर उचलायला सक्त मनाई होती. सासरे रोज सकाळी फोन स्वतः पुसत, तोही रिसीव्हर न हलवता.

"नेट घेतलं तरी फोन वाजतो, बाबा," सून समजावायची.

"वाजतो म्हणे. आणि नेमका त्याच वेळी नाही वाजला तर?"

महिनाअखेरपर्यंत नेट बसलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं इस्पितळानं कळवलं तेव्हा कुठे ते राजी झाले. लाइनमन आला आणि त्यानं सरळ रिसीव्हर उचलला. लाइनमननं तो कानाला लावला, दोनदा आकडे दाबून पाहिले आणि खाली ठेवला.

"काका, हा फोन मेलाय."

"कधी?" सासऱ्यांनी घरातलंच माणूस गेल्यासारखं विचारलं.

बंद लाइनवर नेट बसत नाही, आधी तक्रार करा, असं सांगून लाइनमन गेला. कंपनीच्या कचेरीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. या लाइनबद्दल एकही तक्रार नव्हती, म्हणजे लाइन उत्तम होती. तरी तक्रार करायचीच असेल तर ती त्याच फोनवरून करायची होती. तो बंद आहे, असं सून म्हणाली. मग चालू झाल्यावर करा, असं बाई म्हणाल्या. सुनेनं बाकावर बैठक मारली. चार तासांनी कचेरीला कुलूप लावायचं होतं, म्हणून बाईंनी तक्रार लिहून घेतली.

लाइनमन पुन्हा आला, कोपऱ्यावरची पेटी उघडून तार जोडली आणि नेटचं यंत्र घेऊन घरात शिरला. तीन वर्षांपूर्वी रस्ता खणताना तार तुटली होती, असं त्यानं सांगितलं. तक्रारच आली नाही, म्हणून कुणी जोडली नव्हती.

सासऱ्यांनी विचारलं, "आणि मधल्या काळात कुणी फोन केला असेल तर?"

"त्याला तिकडे घंटी ऐकू येते, काका. वाटतं, इकडे वाजतोय आणि मुद्दाम कुणी उचलत नाही."

सासऱ्यांनी रिसीव्हर उचलला आणि पाच वर्षांत एकदाही न लावलेला नंबर न अडखळता लावला.

"दादा, मी बोलतोय."

थोरल्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलत आणि खोलीभर ऐकू जाई. "दोन वर्षं झाली, दर रविवारी लावतो रे तुला. म्हटलं, याचा राग काही जात नाही."

सासरे रडले. मग रीतसर भांडले, शिवणयंत्रापासून सगळं पहिल्यापासून. लाइनमन दाराशी ताटकळत उभा होता. यंत्र बसवायला दहा मिनिटं लाइन तोडावी लागणार होती. आज नाही जमलं तर पुढची पाळी आठवड्यानं, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी. त्यानं खुणेनंच विचारलं, तोडू का?

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं भांडण आता कुठे रंगात आलं होतं.

"पुढच्या आठवड्यात या," ती हळूच म्हणाली आणि त्याच्यामागे दार ओढून घेतलं.