मन्मथअप्पांचा बिनकाट्याचा गळ

मन्मथअप्पा पाण्यात गळ टाकण्याआधी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी फिरवून पाठीवर घ्यायचे आणि वरून सदऱ्याचं बटण लावायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "देवाला कशापायी दाखवायचं?" जसं काही देवाला पाठीमागचं दिसत नाही.

गाव आमचं दिंद्रुडपासून कोसभर. गावाला तलाव आहे, तलावावर मच्छीमार सोसायटी आहे आणि मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. अप्पा लिंगायत वाणी. गावातलं सर्वांत जुनं किराणा दुकान त्यांचं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. असा हा माणूस रोज चार वाजता दुकानाच्या फळ्या लावायचा, कळकाची काठी खांद्यावर टाकून तलावावर जायचा, मासा धरायचा, त्याच्याकडे जरा वेळ बघायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचा. आमच्या भोईआळीला याचा राग नव्हता, वाईट वाटायचं. हातात आलेला मासा सोडणं म्हणजे त्यांच्या हिशेबी दुखणंच.

बरं, गळाला लावायला गांडूळ चालायचं नाही. "मासा मी सोडून देतो हो, पन गांडूळ तर जीवानिशी जातंय की." म्हणून त्यांनी स्वतःच युक्ती काढली होती. कोंबड्याचं पीस बारीक कातरायचं, शिवणाच्या दोऱ्यानं गळावर गुंडाळायचं, की झाली माशी तयार. ती पाण्यावर टाकायची आणि हलक्या हातानं ओढत आणायची. या पिसांसाठी एवढा प्रतिष्ठित वाणी खाली मान घालून भोईआळीतून फिरायचा. बायका एकमेकींना विचारायच्या, "अप्पाचं काय हरवलंय गं?"

गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो. मासा निसटू नये म्हणून. तो काटा अप्पांनी कानशीनं घासून सपाट केला होता. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, जरा सैल पडली की मासा पसार. अप्पांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचा सगळा जीव एका मरळीत अडकला होता. तलावाच्या भिंतीजवळच्या डोहात ती राहायची, हातभर लांब, वरचा ओठ एका बाजूला फाटलेला. पहिल्या वर्षी, काटा घासण्याआधी, तो ओठ अप्पांच्याच गळानं फाटला होता. वर्षातून एखाद-दोनदा ती गळाला लागायची. अप्पा तिचा ओठ निरखायचे, "बरं हाय का गं?" म्हणून विचारायचे आणि सोडून द्यायचे. दुसऱ्या दिवशी साखर तोलता तोलता मध्येच तागडी धरून गिऱ्हाइकाला सांगायचे, "काल भेटली." गिऱ्हाईक वैतागलं की त्यांचं ठरलेलं, "दम धरा. साखर काय पळून चालली का?"

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. दिवाळी झाली तेव्हा तलावाचा नुसता भिंतीजवळचा डोह उरला होता, आणि उरलेले सगळे मासे त्या डोहात. पाणी आणखी आटलं असतं तर मासे मरून पाणी नासलं असतं, आणि गुरांना तेही मिळालं नसतं. रविवारी जाळं ओढून तलाव झाडायचा, म्हणजे सगळे मासे काढून घ्यायचे, असा सोसायटीचा ठराव झाला. लिहिला मीच. लिहिताना अप्पा आठवले, तरी पेन थांबलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी अप्पा ऑफिसात आले. समोर आमचे चेअरमन दगडूबा बसले होते, भोईआळीतले सगळ्यांत जाणते.

"दगडूबा, तेवढी फाटकी सोडा."

"अप्पा, जाळ्यात सगळेच येत्यात. मी कुनाकुनाचे ओठ बघू?"

आमच्या तलावाची एक रीत आहे. झाडणीच्या दिवशी पहिला निघालेला मासा परत पाण्यात सोडायचा. पहिला मासा पाण्याचा, मग जाळं. अप्पांनी तीच रीत धरली. "जाळ्याआधी मी गळ टाकतो. पयली तीच निघली तर?"

दगडूबा हसले नाहीत. म्हणाले, "निघली तर ती पान्याची. दुसरा कोनता निघला तर तो पान्याचा, आन माझं जाळं आत. एकच मासा, अप्पा."

रविवारी सकाळी सगळी भोईआळी काठावर होती. जाळं धरून आठ जण कंबरभर पाण्यात उभे. सिरसाळ्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो बर्फ घेऊन आलेला. "भिंतीच्या पायरीला ऊन लागंपोतर," दगडूबांनी मुदत सांगितली आणि खिशातून एक नवा गळ काढून पुढं केला. "ह्याला काटा हाय. निसटनार न्हाई."

अप्पांनी तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "एकदा फाडलाय मी तिचा ओठ."

डबी पाठीवर गेली. पिसाची माशी पाण्यावर पडली. पहिल्याच फेरीला एक चिलापी लागली. अप्पांनी चटकन तंगूस सैल सोडली, चिलापी पाण्यातच सुटली. "निघाला न्हाई, पान्यातच व्हता," दगडूबांनी निकाल दिला. आणखी दोन तशाच सुटल्या. ऊन भिंतीवरून उतरत पायरीच्या वीतभर वरपर्यंत आलं. व्यापारी म्हणाला, "बरफाचं पानी व्हायलंय, टाका की बे जाळं."

"दम धरा," दगडूबा म्हणाले. आवाज त्यांचा, शब्द अप्पांचे. पण कुणी हसलं नाही.

आणि काठी एकदम वाकली. ही चिलापी नव्हती. तंगूस डोह मधोमध चिरत गेली, मग उलटी काठाकडे धावत आली. सैल पडली तर संपलं. अप्पा चिखलात मागं मागं चालत सुटले, पाय घसरून बदकन बसले, पण काठी धरलेला हात वरच. मरळ पाण्यावर उसळली.  तेव्हा दगडूबाच पाण्यात शिरले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी अलगद वर उचललं. ओठ एका बाजूला फाटका.

"पान्याची," ते म्हणाले.

सगळे खूश. आणि मग घोडं अडलं. पाण्यात सोडायची, पण कुठल्या? याच डोहात आता जाळं पडणार होतं. हे चेअरमनच्या ध्यानात आलं नव्हतं, सेक्रेटरीच्याही नाही. अप्पांच्या आलं होतं. दुकानातला तेलाचा रिकामा डबा घासूनपुसून, पाणी भरून त्यांनी आणला होता.

"सेक्रेटरी, रितीत कोनतं पानी ते लिवलंय का?"

"नाही," मी म्हणालो. त्या ठरावानंतर माझ्या हातून झालेलं तेवढं एकच बरं काम.

मरळ अप्पांच्या अंगणातल्या आडात गेली. आडाला जेमतेम कंबरभर पाणी होतं. वाण्याच्या पिण्याच्या पाण्यात मासा! भाऊबंदांनी त्यांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. दुष्काळात त्यांच्याकडे पाण्याला येणाऱ्या शेजारणी घागरी घेऊन दुसरीकडे जाऊ लागल्या. चार वाजता दुकान बंद व्हायचं ते तसंच व्हायचं, पण काठी कोपऱ्यात पडून राहिली.

पंधरा-वीस दिवसांनी मी गेलो, तर अप्पा आडाच्या काठावर बसून आत बघत होते. डबी छातीवर होती, समोर. मी म्हटलं, "अप्पा, एका माशासाठी सगळा गाव तोडलात."

त्यांनी हातातली बादली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आमची बायको जाऊन आठ वर्सं झाली. तवापासून पानी मी एकलाच वढतो. बादली सोडली की नुसता पान्याचा आवाज. घरात दुसरा आवाजच न्हाई. म्हनून तलावावर जायला लागलो. आता बादली सोडली की ही खालून वर येती. कोनीतरी हाय, असं वाटतंय."

त्यांची बायको गेली तेव्हा मी मातीला जाऊन आलो होतो. त्यानंतर आठ वर्षं मी दुकानात जायचो, साखर घ्यायचो आणि घरी यायचो. मला माझीच लाज वाटली.

"अप्पा, तांब्याभर पाणी द्या."

"ह्याच आडाचं हाय बरं. चालंल तुमाला?"

"द्या."

पाण्याला शेवाळाचा वास होता. मी तांब्या रिकामा करून खाली ठेवला. अप्पांनी तो उचलला, आडाच्या काठावर वाकले आणि आत बघून हळूच म्हणाले, "सेक्रेटरी पानी पिले गं."